छायाचित्रणाचा पहिला धडा

छायाचित्रण शिकवावयाचे म्हटले की फळ्यावर कॅमेऱ्याची आकृती काढून भागांची नावे पाठ करून घेण्याकडे पुष्कळ वर्गांचा कल असतो. शटर म्हणजे काय, हे विद्यार्थी अचूक सांगतो; पण उन्हाकडे पाठ करून उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा चित्रात काळा का पडला, हे त्याला उमगत नाही. एके काळी ही उणीव हौशी मंडळींपुरती होती. १ जानेवारी २०२३ पासून मात्र रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवर मजुरांची हजेरी दिवसातून दोन छायाचित्रांसह मोबाईलवर नोंदविणे बंधनकारक झाले. चेहरे ओळखू येत नसतील, तर दिवसभर राबलेल्या माणसाची हजेरीच वादात सापडावयाची.

मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. काच आणि रसायने हाताळल्यावाचून त्या काळी ही विद्या येणेच शक्य नव्हते. आज कळ दाबताच चित्र उमटते, त्यामुळे हाताने शिकण्याची ही वाट मुद्दाम आखावी लागते.

पहिल्या दिवशी कॅमेरा बाजूलाच ठेवावा. बुटांचा रिकामा खोका आतून काळा रंगवावा, एका बाजूस टाचणीने छिद्र पाडावे, समोरची बाजू कापून तेथे ट्रेसिंग कागद चिकटवावा. डोक्यावरून घोंगडी घेऊन छिद्र उन्हातील झाडाकडे रोखले की कागदावर झाड उलटे उमटते. छिद्र थोडे मोठे केले की चित्र उजळते, पण कडा पुसट होतात. ॲपर्चरची व्याख्या न सांगताच निम्मे काम होऊन जाते.

मग मोबाईल हाती द्यावा. एकाच माणसाला सूर्य पाठीशी, सूर्य समोर आणि ओसरीच्या कडेला असे तीनदा टिपावयास सांगावे. पाठीमागे उजळ आकाश असले की कॅमेरा त्यालाच प्रमाण मानतो व चेहरा अंधारतो. पडद्यावर चेहऱ्याच्या जागी बोट टेकवले की बहुधा तो उजळतो. दुपारी बारा वाजता टोपीची सावली डोळ्यांवर येते. सकाळच्या तिरप्या उन्हात दगडी बांधाचा सांधा न सांधा दिसतो.

फिल्मच्या रोलमध्ये ३६ चित्रे असत, म्हणून कळ दाबण्यापूर्वी माणूस विचार करी. तीच शिस्त येथे लावावी : प्रत्येकास दहाच चित्रे, आणि एकही पुसावयाचे नाही. सायंकाळी सर्वांनी मिळून ती पाहावीत व बिघडलेल्या चित्राचे कारण ज्याने ते काढले त्यानेच शोधावे. या बैठकीला वेळ लागतो. तो देण्याची शिक्षकाची तयारी हवी. ज्यांच्याकडे जुना कॅमेरा असेल त्यांनी स्वच्छ उन्हात आयएसओ १००, एफ १६ व सेकंदाचा सव्वाशेवा भाग येथून आरंभ करावा. छिद्र एफ ११ केले की प्रकाश दुप्पट, म्हणून शटरचा वेळ निम्मा.

गावात फोटो म्हटला की सारे जण रांगेत ताठ उभे राहतात आणि बांधलेले काम त्यांच्या पाठीआड जाते! बंधाऱ्याच्या चित्रात एकच माणूस कडेला मोजपट्टी धरून उभा असावा, म्हणजे उंची कळते. कामापूर्वी, काम चालू असताना आणि झाल्यावर अशी तिन्ही चित्रे एकाच जागेवरून घ्यावीत. त्या जागी दगड रोवून ठेवावा, आणि जवळचे एखादे झाड तिन्ही चित्रांत येईल असे पाहावे.