न पाहिलेल्या किनाऱ्याची किंमत

प्रश्न : ‘हे जंगल वाचवायला किती पैसे द्याल?’ असं विचारून निसर्गाची किंमत खरंच कळते का?

उत्तर : कळते, पण प्रश्न कसा विचारला त्यावर सगळं अवलंबून. १९८९मध्ये अलास्कात ‘एक्झॉन व्हाल्डीझ’ जहाजातून तेल सांडलं. त्यानंतर अमेरिकी कुटुंबांना घरी जाऊन विचारलं गेलं : असा अपघात पुन्हा टाळणाऱ्या योजनेसाठी एकदाच अमुक कर पडणार असेल, तर मत बाजूने द्याल की विरोधात? मध्यक निघाला कुटुंबामागे सुमारे ३१ डॉलर, देशभराचा हिशेब २.८ अब्ज. आणि बहुतेकांनी अलास्का पाहिलंही नव्हतं!

या पद्धतीच्या टीकाकारांनीही पाहणी केली. तेलाच्या खड्ड्यांत मरणारे पक्षी वाचवायला काय द्याल? २ हजार पक्ष्यांसाठी सरासरी ८० डॉलर, २० हजारांसाठी ७८, २ लाखांसाठी ८८. म्हणजे लोक पक्ष्यांची किंमत सांगत होते की नुसती हळहळ? या पाहणीला जहाजाच्या मालक एक्झॉन कंपनीचाच पैसा होता. तरी आक्षेप मला वजनदार वाटतो.

१९९३मध्ये अर्थतज्ज्ञ केनेथ अ‍ॅरो आणि रॉबर्ट सोलो यांच्या समितीने ही पद्धत ग्राह्य धरली, पण अटींवर : रक्कम विचारू नका, होय-नाही मत घ्या, आणि हा पैसा घरखर्चातूनच जाणार, याची आठवण आधी करून द्या.