जवस खाणारी कोंबडी

प्रश्न : माझ्याकडे ५०० ब्रॉयलर आहेत. खाद्यात जवस मिसळल्याने मांसातले ओमेगा-३ खरेच वाढते का?

उत्तर : वाढते. कोंबडीला गाईसारखे रवंथाचे पोट नसते. त्यामुळे खाद्यातली चरबी फारशी न बदलता मांसात उतरते, छातीपेक्षा तंगडीत अधिक. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त ओमेगा-३ असते. विक्रीआधीचे २-३ आठवडे १०० किलो खाद्यात ५ किलो जवस पुरे. तो भाजून, भरडून द्या; कच्च्या जवसातले काही घटक बी-६ जीवनसत्त्वाला मारक असतात, वाढ खुंटते. प्रमाण चढले, तर रश्शाला माशासारखा वास येतो. ही चरबी लवकर खवट होते; म्हणून भरडा ताजाच वापरा, जोडीला ई जीवनसत्त्व द्या. मात्र मासळीतले ओमेगा-३ वेगळे. ते यातून थोडेच मिळते.