सफरचंद आणि मधमाशी

उद्दिष्टे
या पाठाच्या अभ्यासानंतर आपणांस –
• सफरचंदाच्या बागेत एकाहून अधिक वाण का लागतात, हे स्पष्ट करता येईल;
• बागायतदार व मधपाळ यांचे परस्परावलंबन सांगता येईल;
• पाठातील पारिभाषिक शब्दांचा योग्य उपयोग करता येईल.

मूलपाठ
उन्हाळा सरला की दिल्लीच्या आझादपूर बाजारात हिमाचल प्रदेशातील आणि त्यामागोमाग काश्मीरमधील सफरचंदांचे ट्रक येऊ लागतात. पेट्या उघडल्या जातात. रंग व आकार पाहून बोली लागते. लालभडक, एकसारखे फळ भाव खाऊन जाते. वेडेवाकडे फळ मागे राहते. बाजाराची ही आवडनिवड डोंगरावरील बागेचे रूप ठरवते.

हिमाचलमधील कोटगढ येथे सॅम्युएल स्टोक्स यांनी १९१६ च्या सुमारास अमेरिकेतील 'रेड डेलिशियस' या वाणाची लागवड केली. पुढे याच कुळातील 'रॉयल डेलिशियस'ने डोंगरउतार व्यापले. मागणी लाल फळाला, म्हणून अनेकांनी लाल वाणच लावला. परंतु केवळ एकाच वाणाने भरलेली बाग बहरते खरी, फळत मात्र नाही.

याचे कारण फुलाच्या स्वभावात आहे. सफरचंदाच्या बहुतेक वाणांत स्वतःच्या परागकणांनी फलधारणा होत नाही. एका वाणाची शेकडो झाडे असली, तरी कलमांमुळे ती मुळात एकाच झाडाची रूपे असतात. म्हणून दुसऱ्या वाणाचा पराग लागतो. असा पराग पुरवणाऱ्या झाडास परागदाता म्हणतात. 'गोल्डन डेलिशियस', 'रेड गोल्ड', 'टायडमन्स' आणि रानटी क्रॅब सफरचंद हे हिमाचलातील परिचित परागदाते होत. 'म्युत्सू'सारख्या काही वाणांचा पराग मात्र निरुपयोगी असतो. ते घेतात, देत नाहीत.

परागदात्याचा बहर मुख्य वाणाबरोबरच यावा लागतो. बागेत सुमारे एक तृतीयांश झाडे परागदात्यांची असावीत, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. परंतु पिवळ्या 'गोल्डन'ला सहसा लाल फळाइतका भाव येत नाही. त्यामुळे बागायतदार ती जागा देण्यास कचरतो. मग ऐन बहरात परागदात्याच्या फुललेल्या फांद्या पाण्याच्या भांड्यांत घालून झाडांना टांगण्याची वेळ येते.

सफरचंदाचा पराग चिकट असतो. तो वाऱ्याने फारसा दूर जात नाही. त्याची ने-आण मधमाशी करते. फुलात तिला मकरंद व पराग दोन्ही मिळतात आणि वसंतातील या अन्नावर वसाहतीतील पिलावळ वाढते. सफरचंदात बियांचे पाच कप्पे असून प्रत्येकात साधारणतः दोन बिया धरतात. ज्या बाजूस बिया धरत नाहीत, ती बाजू खुजी राहते व फळ वाकडे होते. आझादपूरच्या बोलीत फळाचा जो भाव ठरतो, त्याचा पाया असा मधमाशीच्या फेऱ्यांवर उभा असतो.

प्रत्येक फेरी मात्र सारखी फलदायी नसते. 'डेलिशियस'च्या फुलात पुंकेसरांच्या तळाशी फटी असतात. चतुर मधमाशी बाजूने सोंड घालून मकरंद शोषते. तिचा कुक्षीस स्पर्शही होत नाही. पराग गोळा करणारी माशी मात्र फुलाच्या मध्यावर वावरते व परागीभवन साधते. हवामानही महत्त्वाचे आहे. मधपाळांच्या पेट्यांत बहुधा आढळणारी इटालियन मधमाशी थंडीत बाहेर पडत नाही. आपली देशी सातेरी तुलनेने गार हवेतही काम करते.

मधपाळाचे वर्ष फुलांमागून फिरते. हिवाळ्यात दिल्लीलगतच्या हरियाणा व राजस्थानात मोहरी फुलते, तेव्हा मधुपेट्या तेथे असतात. वसंतात त्यांतील काही रात्रीच्या प्रवासाने डोंगरावर जातात. सफरचंदाच्या बहरात हाती येणारा मध थोडा. मधपाळाची खरी मिळकत म्हणजे बागायतदाराने दिलेले पेट्यांचे भाडे. पेट्या फार आधी आणल्या, तर माश्यांना इतर फुलांची सवय जडते. म्हणून थोडी फुले उमलल्यावरच त्या बागेत ठेवतात.

या व्यवहारास मोठा धोका आहे तो बहरातील कीटकनाशक फवारणीचा. एका फवारणीने मधपाळाची वर्षाची पुंजी जाते आणि बागायतदाराचे पीकही घटते. चीनच्या सिचुआन प्रांतातील माओश्यान भागात मधमाश्यांअभावी माणसांना झाडांवर चढून फुलाफुलांना हाताने पराग लावावा लागला. जे काम मधमाशी सहज करते, त्यासाठी तेथे मजुरी मोजावी लागली.

बाजारात मान मिळवणाऱ्या लाल फळामागे एक दुर्लक्षित झाड व एक इवलासा कीटक उभा असतो. त्या दोघांना बागेत जागा देणे हा त्याग नव्हे, तो शहाणपणाचा हिशेब आहे.

शब्दार्थ
वाण – जात, प्रकार
मधपाळ – मधमाश्या पाळणारा
मकरंद – फुलातील गोड रस
कुक्षी – स्त्रीकेसराचे टोक. पराग येथे रुजतो

स्वाध्याय
१. एकाच वाणाची बाग का फळत नाही?
२. फळाचा आकार मधमाशीवर कसा अवलंबून असतो?
३. 'ते घेतात, देत नाहीत' हे विधान कोणत्या वाणास उद्देशून आहे? का?
४. 'भाव खाऊन जाणे' या वाक्प्रचाराचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.
५. आपल्या परिसरातील मधमाश्यांवर अवलंबून असलेल्या एका पिकाविषयी आठ-दहा ओळी लिहा.