दोन-एक-एकचं गणित

कपॅसिटर चार्ज होण्याचा ग्राफ आपण सगळ्यांनी घोटलाय. तसाच ग्राफ एचआयव्ही टाळणाऱ्या एका गोळीचाही काढता येतो. टेनोफोव्हिर आणि एमट्रिसिटाबिन ही दोन औषधं तिच्यात असतात. एचआयव्ही नसलेल्या माणसाने ती आधीपासून घेतली तर लागण टळते. याला प्रेप म्हणतात.

रोज गोळी घ्यायची म्हटलं की लोक कंटाळतात. म्हणून फ्रान्स आणि कॅनडात सुमारे ४०० जणांवर चाचणी झाली. संबंधांच्या आधी २ ते २४ तासांत दोन गोळ्या, मग २४ तासांनी एक, आणखी २४ तासांनी एक. २०१५ साली निकाल आला: लागण ८६ टक्क्यांनी कमी. पहिला दुप्पट डोस म्हणजे कपॅसिटर लवकर भरावा म्हणून दिलेलं जादा व्होल्टेज!

पण ही चाचणी पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांची, अगदी थोड्या ट्रान्स स्त्रियांचीही. टेनोफोव्हिर गुदमार्गाच्या ऊतींत भरपूर साठतं, योनीच्या ऊतींत मात्र फारच कमी. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये दोन-एक-एकची शिफारस जन्माने पुरुष असलेल्या आणि इस्ट्रोजेन हार्मोन न घेणाऱ्यांपुरती ठेवली. स्त्रियांनी आणि इस्ट्रोजेन घेणाऱ्या ट्रान्स स्त्रियांनी रोज गोळी घ्यावी. संरक्षणाला सात दिवस लागतात.

मग बायकांना लवचिकपणा नाहीच का? मी दौंडचा, मामा शिरूरला. एकीकडे रेल्वे जंक्शन आणि साखर कारखाने, दुसरीकडे नगर रस्ता आणि रांजणगावची एमआयडीसी. दोन्हीकडे महिनोन्महिने बाहेर राहणारी माणसं पुष्कळ. (यात त्यांना बदनाम करायचा हेतू नाही हं!) नवरा दिवाळीला येणार हे बायकोला महिनाभर आधी माहीत असतं. तो यायच्या सात दिवस आधी गोळी सुरू, तो गेल्यावर आणखी सात दिवस, मग बंद. पुरुषाचं वेळापत्रक तासांचं, तिचं आठवड्यांचं, एवढाच फरक. हे तिला कुणी सांगतं का, हा खरा प्रश्न.

शिवाय सासूच्या घरात गोळ्यांची बाटली लपवायची कुठे? लेनाकापाविर हे इंजेक्शन सहा महिन्यांतून एकदाच घ्यावं लागतं. आफ्रिकेतल्या चाचणीत ते घेणाऱ्या २,१३४ तरुणींपैकी एकीलाही लागण झाली नाही (२०२४). त्याची स्वस्त आवृत्ती बनवण्याचा परवाना मिळालेल्या सहा कंपन्यांत आपल्या पुण्याची एमक्योरही आहे.

प्रेपच्या आधी एचआयव्हीची आणि मूत्रपिंडाची तपासणी लागतेच. सरकारी केंद्रात एचआयव्ही तपासणी मोफत होते. माझं मत असं, की गोळीही त्याच खिडकीवर मिळावी, पुण्याला खेप घालायला लावू नये. आणि केसपेपरवर ‘स्त्री की पुरुष’ एवढ्यावर न थांबता हार्मोन चालू आहेत का, संबंध कोणत्या प्रकारचे, हे नीट, दार लावून विचारावं. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने गुप्तता बंधनकारक आहेच. बाकी गुप्तरोगांवर या गोळीचा उपयोग नाही, त्यासाठी कंडोमच.

आणि गोळी घेतलीच नव्हती, धोका घडून गेला, तर? ७२ तासांच्या आत सरकारी रुग्णालय गाठायचं. तिथे २८ दिवसांचं वेगळं औषध देतात. कुठे जायचं कळत नसेल तर १०९७ फिरवा, फोन फुकट आहे.