कागद खरा, पण कशाचा?

अमेरिकेतल्या एका सार्वजनिक वाचनालयात मी संदर्भविभाग सांभाळते. आकाशात विमानामागे उमटणारे पांढरे पट्टे म्हणजे सरकारने मुद्दाम फवारलेलं रसायन, 'केमट्रेल्स', असं मानणारी माणसं माझ्याकडे येत असतात. त्यांतले एक मराठी गृहस्थ, इथल्या मंडळातले सगळे त्यांना काका म्हणतात, एकदा जाडजूड फाइल घेऊन आले. "सरकारी कागद आहेत. आता बोल," म्हणाले.

आम्ही दोघांनी बसून फाइल वाचली. एकही कागद बनावट नव्हता.

सर्वांत वर होता अमेरिकी हवाईदलाचा १९९६चा अहवाल, २०२५पर्यंत हवामानावर ताबा मिळवण्याविषयीचा. शीर्षकानेच धसका बसावा. मूळ अहवालाच्या सुरुवातीला मात्र स्पष्ट छापलंय की ही मतं सरकारचं धोरण नव्हेत आणि यातले भविष्यातले प्रसंग कल्पित आहेत. काकांच्या प्रतीत नेमकं तेच पान नव्हतं. त्यांच्यापर्यंत ती प्रत तशीच पोचली होती.

खाली 'केमट्रेल्स' नावाच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ. ती कोलोरॅडोतल्या हवाईदल अकादमीची १९९०ची पुस्तिका, कॅडेटांना रसायनशास्त्र शिकवण्यासाठी काढलेली. मग २००१चं, तेव्हाचे काँग्रेस सदस्य डेनिस कुसिनिच यांचं विधेयक. अवकाशात शस्त्रं नकोत म्हणून मांडलेल्या त्या मसुद्यात 'केमट्रेल्स' हा शब्द खरंच होता. पुढच्या वर्षीच्या मसुद्यातून तो गेला, आणि कायदा झालाच नाही.

म्हणून कळकळीने सांगते, कागद अस्सल आहे का, एवढ्यावर थांबू नका. पहिल्या पानासकट पूर्ण प्रत मिळवा. मग पाहा, यात कुणाला आदेश दिलाय का, पैसे मंजूर झालेत का, काही केल्याची नोंद आहे का. कुणी पेटंट दाखवलं, तर तो शोधावरचा हक्क; विधेयक म्हणजे प्रस्ताव. त्यावरून फवारणी झाली असं ठरत नाही. पट्ट्यांचं म्हणाल, तर आठ ते बारा किलोमीटर उंचीवर तापमान उणे ४० अंशांच्या आसपास असतं. इंजिनातून निघालेली वाफ तिथे गोठते. हवा दमट असली की ते बर्फकण तासन्‌तास टिकतात, कोरडी असली की लगेच विरतात.

पण अशा माणसांना वेडं ठरवू नका, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. व्हिएतनाम युद्धात, १९६७ ते १९७२, अमेरिकेने हो ची मिन्ह मार्गावर, म्हणजे शत्रूच्या रसदवाटेवर, पाऊस वाढवण्यासाठी ढगांत गुपचूप बीजारोपण केलं होतं. १९७४मध्ये सिनेटच्या समितीपुढे ते अधिकृतपणे उघड झालं. शीतयुद्धाच्या काळात सेंट लुइसच्या गरीब वस्त्यांवर लष्कराने झिंक कॅडमियम सल्फाइड फवारलं, रहिवाशांना खरं कारण न सांगता. या दोन्ही प्रकरणांचे कागद काकांना मी स्वतः काढून दिले. त्यांच्या संशयामागे इतिहास आहे. आणि खऱ्या गुपिताचे कागद कसे असतात तेही त्यांत दिसतं: कोणी हुकूम दिला, विमानं कुठे गेली, काय टाकलं.

तुमच्या घरातलं कुणी असे कागद पाठवत असेल, तर व्हॉट्सअ‍ॅप गटात चारचौघांत खोडून काढू नका. दुखावलेला माणूस पुढे ऐकतच नाही. शेजारी बसा, मूळ प्रत उघडा, त्यांनाच वाचू द्या. विधेयकाचं पुढे काय झालं तेही त्यांनाच शोधू द्या. अमेरिकी काँग्रेसच्या संकेतस्थळावर ते कुणालाही पाहता येतं.