खुब्याच्या ऑपरेशननंतर पुन्हा सायकल



खुब्याचे ऑपरेशन म्हटले की आपल्याला अंगणात घसरून पडलेली आजी आठवते. परंतु पांढुर्णा आणि सौंसर भागातून नागपूरला हाडांच्या डॉक्टरांकडे जाणाऱ्यांत अठरा, वीस, पंचवीस वर्षांची मुले-मुलीही असतात. त्यांना सगळ्यात आधी विचारायचे असते ते हे, की मला पुन्हा सायकल चालवता येईल का? आपल्याकडे शाळा, कॉलेज, शेत, संत्र्याचा बगीचा ही सगळी ये-जा सायकलवर चालते. दुसऱ्या गावी शिकायला जाणाऱ्या शासकीय शाळांतील सहावी व नववीच्या मुलांना मध्य प्रदेश शासन निःशुल्क सायकल देते, ते याच कारणाने. बहुतेकांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे. केव्हा आणि कसे, एवढे मात्र नीट समजून घ्यावे लागते.

खुब्याचा सांधा म्हणजे वाटीत बसलेला गोळा. मांडीच्या हाडाचे वरचे टोक गोल असते आणि कमरेच्या हाडातल्या वाटीत ते फिरते. या गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या नळ्या फार बारीक आहेत. त्या बंद पडल्या की गोळ्याचे हाड आतल्या आत मरू लागते आणि भार पडून एक दिवस चपटे होते. डॉक्टर याला एव्हीएन म्हणतात. हाडाची मान मोडून नळ्या तुटणे, डॉक्टरांना न विचारता स्टेरॉइडच्या गोळ्या महिनोन् महिने खाणे, दारू, अशी कारणे त्यामागे असतात. आपल्या भागात आणखी एक मोठे कारण आहे, ते म्हणजे सिकलसेल.

सिकलसेलमध्ये रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक नळ्यांत अडकतात. विदर्भ आणि त्याला लागून असलेल्या आपल्या पट्ट्यात हा आजार अनेक समाजांत पिढ्यान् पिढ्या आहे. नागपूरचे संपत रामटेके यांनी या रुग्णांसाठी आयुष्य वेचले; त्यांना २०१८ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली. १ जुलै २०२३ रोजी आपल्याच राज्यातल्या शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करणे आणि २०४७ पर्यंत हा आजार संपवणे असे त्याचे लक्ष्य आहे. ज्यांचा रिपोर्ट ‘एएस’ आहे ते वाहक. त्यांना सहसा त्रास नसतो. ‘एसएस’ म्हणजे प्रत्यक्ष आजार, आणि खुब्याचा धोका मुख्यतः यांना.

पालकांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. खुब्याचे दुखणे पुष्कळदा जांघेत किंवा चक्क गुडघ्यात जाणवते. मुलगा गुडघा दुखतो म्हणतो, गुडघ्याचा एक्स-रे चांगला येतो, आणि घरी सगळे म्हणतात की अभ्यास टाळायचे नाटक आहे. सिकलसेल असलेले मूल दोन-तीन आठवडे लंगडत असेल किंवा मांडी घालून बसायला कुरकुरत असेल, तर खुबा तपासून घ्यावा. सुरुवातीला साध्या एक्स-रेत काहीच दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. या अवस्थेत हाडाला बारीक छिद्र पाडून आतला दाब कमी करण्याचे छोटे ऑपरेशन करता येते आणि काही मुलांचा स्वतःचा सांधा त्यामुळे बरीच वर्षे टिकतो. गोळा एकदा चपटा झाला की ती वेळ निघून गेलेली असते.

मग उरतो तो कृत्रिम सांधा. इंग्लंडचे डॉ. जॉन चार्नली यांनी १९६२ साली धातूचा गोळा आणि विशिष्ट प्लास्टिकची वाटी वापरून ही पद्धत पक्की केली. आज सिरॅमिकचे गोळेही मिळतात. पण तरुणांसाठी एक हिशेब महत्त्वाचा आहे. २०१९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार शंभरातले सुमारे ५८ सांधे २५ वर्षे टिकतात. सत्तरीच्या आजीला हे पुरेसे आहे. विसाव्या वर्षी ऑपरेशन झालेल्या मुलाला मात्र पंचेचाळिशीच्या सुमारास दुसरे लागू शकते, आणि दुसरे नेहमीच पहिल्यापेक्षा अवघड असते. म्हणून धावणे, उड्या, कबड्डी यांना डॉक्टर बहुधा नाही म्हणतात. सायकलला मात्र हो म्हणतात.

याचे कारण कक्षा नववीच्या विज्ञानात बसणारे आहे. चालताना प्रत्येक पावलाला खुब्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण अडीच पट भार येतो. बर्लिनच्या संशोधकांनी कृत्रिम सांध्यातच मोजमापाचे यंत्र बसवून पाहिले, तर आरामात पायडल मारताना हा भार त्याहून पुष्कळ कमी भरला. वजन सीटवर असते, पाय गोल फिरतो आणि झटका बसत नाही. अमेरिकेचा सायकलपटू फ्लॉइड लँडिस याचा खुबा २००३ च्या अपघातानंतर असाच निकामी झाला होता. चालताना तो लंगडत असे, तरी २००६ ची टूर द फ्रान्स शर्यत त्याने पूर्ण केली. त्याच वर्षी सप्टेंबरात खुब्याचे ऑपरेशन झाले आणि २००९ मध्ये तो व्यावसायिक शर्यतींत परतला. (त्या टूरचे विजेतेपद उत्तेजक द्रव्यामुळे काढून घेतले गेले, हेही विद्यार्थ्यांनी जाणून घ्यावे. त्याचा कित्ता फक्त खुब्यापुरता!)

आता प्रत्यक्ष काय करावे? सुरुवात एका जागी उभ्या असलेल्या व्यायामाच्या सायकलने होते, साधारण चार ते सहा आठवड्यांनी, बिनजोर पायडल मारून. रस्त्यावर बहुधा तीन महिन्यांनंतर, आणि तेही ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून परवानगी दिल्यावरच. मधल्या काळात खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवू नये, असे पुष्कळांना सांगितलेले असते. याचा अर्थ उकिडवे बसणे बंद, पाटावर बसणे बंद, पायावर पाय टाकणे बंद.

हाच नियम सायकललाही लागतो. सीट खाली असेल तर वरच्या पायडलला गुडघा छातीकडे येतो आणि खुबा जास्त वाकतो. म्हणून सीट जरा वर आणि हँडल उंच ठेवावे, पाठ सरळ राहते. कॅरिअरवरून टांग टाकून चढण्याची आपली जुनी सवय इथे धोक्याची आहे, कारण पाय वळला की सांधा निखळू शकतो. मधला दांडा नसलेली लेडीज सायकल घ्यावी. मुलांनी यात लाज कसली मानायची? थांबताना चांगला पाय आधी जमिनीवर टेकवावा. डबलसीट, दुधाच्या कॅना, संत्र्याचे पोते हे सगळे निदान पहिले वर्ष दुसऱ्यावर सोपवावे. सिल्लेवानी घाट तर सध्या बसनेच. गोटमारीच्या दिवशी जाम नदीच्या गर्दीत जाऊ नये, हे मी ऑपरेशन न झालेल्यांनाही सांगत असतो. सिकलसेल असेल तर पाण्याची बाटली सोबत हवीच. वैशाखाच्या उन्हात आणि पौषातल्या कडाक्याच्या थंडीत दमेपर्यंत सायकल चालवू नये, कारण अंगातले पाणी कमी झाले किंवा थंडी लागली की दुखण्याचा झटका येऊ शकतो.

विश्वस्त मंडळींपुढे माझी विनंती आहे. असा विद्यार्थी परत येतो तेव्हा त्याला टाटपट्टीवर बसवता येत नाही आणि आपल्या शौचालयात बसणे त्याला शक्य नसते. एक उंच खुर्ची, एक कमोड, त्याचा वर्ग तळमजल्यावर आणि सायकल स्टँडमध्ये फाटकाजवळची मोकळी जागा, एवढी सोय आपल्याला करता येईल. २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यातील २१ प्रकारांत सिकलसेलचाही समावेश आहे. पालकांनी जिल्हा रुग्णालयात चौकशी करून पात्रतेनुसार प्रमाणपत्र काढून घ्यावे.

ज्यांच्या मुलांची तपासणी झाली आहे त्यांनी सिकलसेल कार्डाची झेरॉक्स बंद पाकिटात माझ्याकडे द्यावी. ती कार्यालयाच्या कपाटात राहील. फक्त वर्गशिक्षक आणि खेळाचे सर यांनाच दाखवली जाईल.