पतपेढीच्या खिडकीपाशी

।। श्री ।।

वाई, रविवार सकाळ

चि. ताईस मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र परवा पोहोचले. ते दोनदा वाचल्यावर ध्यानात आले ते असे की, जुलैच्या पगारातून हप्ता कापला गेला असूनही पतपेढीच्या खतावणीत तो जमा दिसत नाही, त्यापायी थकबाकीची नोटीस तुझ्याबरोबर तुझ्या जामीनदार गुरुजींनाही गेली, आणि खिडकीवरच्या कारकुनाने ‘पुढच्या महिन्यात या’ एवढ्यावरच बोळवण केली तेव्हा चार माणसांदेखत तुझा स्वर चढला. तुझा संताप मला अस्थानी वाटत नाही. परंतु शिक्षकांच्या अशाच एका पतपेढीत त्या खिडकीच्या आतल्या बाजूस उभी हयात काढलेला माणूस म्हणून मला जे ठाऊक आहे ते तुला सविस्तर लिहावे, असे वाटले.

पतपेढीची पायरी पुन्हा चढण्यापूर्वी गुरुजींच्या घरी जा. ज्या माणसाने आपल्या कर्जातला एक पैसाही वापरलेला नाही त्याने केवळ आपल्या शब्दावर विसंबून स्वतःचा पगार आपल्या ऋणापाठीमागे उभा केलेला असतो, आणि कायद्याच्या दृष्टीने संस्था त्याच्याकडेही कर्जदाराइतक्याच हक्काने मागणी करू शकते. म्हणून नोटिशीचा लखोटा ज्या दिवशी त्यांच्या घरी गेला त्या दिवशी त्यांच्या घरातल्या माणसांना काय वाटले असेल याची कल्पना कर. त्यांना पगारपत्रक दाखव, घडले ते सांग, आणि प्रकरण मिटेपर्यंत प्रत्येक कागदाची प्रत त्यांना नेऊन देत जा.

आता चूक कोठे असावी ते पाहू. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या ४९ व्या कलमान्वये कर्ज घेताना तू करारनामा लिहून दिलास. त्याच्या आधारे संस्था दरमहा शाळेकडे मागणी यादी पाठवते, शाळा यादीबरहुकूम रक्कम कापते, आणि सर्वांची कपात एकरकमी भरून सोबत नाववार तपशील जोडते. तुझी जूनमध्ये बदली झाली. जुन्या शाळेच्या यादीत तुझे नाव तसेच राहिले आणि तेथून अर्थातच पैसे आले नाहीत. नव्या शाळेने तुझ्या अखेरच्या वेतनाच्या दाखल्यावरून कपात केली व रक्कम पाठवली, पण तिच्या यादीत तुझे नाव नसल्यामुळे, ज्या रकमेचा धनी ठरत नाही ती जशी अनामत खात्यात पडून राहते, तशी तुझी रक्कम पडून राहिली असावी, असा माझा तर्क आहे. बदलीच्या हंगामात मी अशी शेकडो प्रकरणे पाहिली. तर्क खरा असेल तर पैसे कोणी गिळलेले नाहीत, आणि कारकुनालाही ते कोठे आहेत याचा पत्ता नाही. त्याला तो पत्ता तू द्यायचा आहेस.

माझ्याच टेबलाशी घडलेली गोष्ट सांगतो. एकाच आठवड्यात दोन सभासद सारखीच तक्रार घेऊन आले होते. पहिले गृहस्थ आले ते संस्था बुडवायला निघालात असे म्हणतच आले. त्यांचा हप्ता कोणत्या महिन्याचा, किती रुपयांचा, कोणत्या शाळेकडून भरला गेला, यांपैकी काहीच त्यांना सांगता येईना, आणि मलाही, खरे सांगायचे तर, ते शोधून काढण्याची इच्छा उरली नाही. दुसरे एक वयोवृद्ध मुख्याध्यापक. त्यांच्यापाशी एक पातळ वही होती, तीत प्रत्येक कपातीची तारीख, रक्कम आणि पासबुकातील नोंदीची तारीख समोरासमोर मांडलेली होती. त्यांनी बोट ठेवून दाखवले, ‘हा महिना इकडे आहे, तिकडे नाही.’ रुजवात घालायला मला एक घटकाही लागली नाही. पहिल्या गृहस्थांचे काम मात्र दोन महिने रेंगाळले, आणि त्यात माझाही दोष होता. कारण माणूस रागावला म्हणून त्याचा हक्क कमी होत नाही. पण तू ज्या खिडकीशी जाशील तेथे बसणाराही माणूसच असेल. त्याला त्याच्या आडनावाने हाक मार, गर्दीची पगाराची तारीख टाळून जा, आणि वहीचा तो रिवाज आजपासून सुरू कर.

तोंडी तक्रारीवर मुळीच विसंबू नकोस. एका पानाचा अर्ज लिही: सभासद क्रमांक, कर्जखाते क्रमांक, बदलीची तारीख, दोन्ही शाळांची नावे, जुलैच्या कपातीची रक्कम, आणि मागणी स्पष्ट शब्दांत: रकमेचा शोध घेऊन ती मूळ कपातीच्या तारखेने जमा करावी, तीवर आकारलेले जादा व्याज रद्द करावे, आणि नोटीस मागे घेतल्याचे मला व जामीनदारास लेखी कळवावे. ही तिसरी मागणी बहुतेक लोक विसरतात, आणि मग हिशेब दुरुस्त होऊनही जामीनदाराच्या घरी ती नोटीस तशीच पडून राहते. कोणाच्या वर्तनाविषयी अर्जात एक अक्षर लिहू नकोस. तो मजकूर वाचणाऱ्याचे लक्ष रकमेवरून उडते. पगारपत्रकाची प्रत जोड, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घे, आणि उत्तर किती दिवसांत मिळेल हे तेथेच नम्रपणे विचारून वहीत टिपून ठेव. बारनिशीत चढलेला कागद दडपणे अवघड असते.

एक गोष्ट सांगितल्याविना राहवत नाही. एका दिवंगत सभासदाची पत्नी ठेव मिळवण्यासाठी आली असता मी तिला प्रथम मृत्यूचा दाखला आणण्यास सांगितले, दुसऱ्या खेपेस मूळ ठेवपावती, तिसऱ्या खेपेस ओळखीचा पुरावा. आणि प्रत्येक खेपेस ती बाई एसटीने सोळा मैलांवरून येत होती. मी नियमाबाहेर काहीही मागितले नव्हते, तरीही तो अन्याय होता आणि त्याची बोच अद्याप गेलेली नाही. म्हणून पहिल्याच भेटीत ‘यासाठी लागणारी सर्व कागदपत्रे मला कागदावर लिहून द्या’ असे म्हणत जा. जाता जाता, लग्नानंतर तू वारसाची नोंद बदललीस का, तेही पाहून घे.

कागदाचा हा आग्रह म्हाताऱ्याचा हेका वाटू देऊ नकोस. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुप्यास रयत सावकारांवर उठली तेव्हा तिने प्रामुख्याने हिसकावून घेतले आणि जाळले ते कर्जाचे दस्तऐवज. ज्या कागदावर आपण अंगठा उठवला त्यात काय लिहिले आहे हे आपल्याला कधीच वाचता येणार नाही, अशी ज्यांची खात्री पटलेली असते, त्यांना कागद जाळण्यावाचून दुसरा मार्ग दिसत नाही. सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा १९०४ साली झाला, आणि आजच्या कायद्याच्या ३२ व्या कलमाने सभासदाला असा अधिकार दिला आहे की, कचेरीच्या वेळात त्याने विनामूल्य पोटनियम, ताळेबंद, नफातोटा पत्रक, सभांची इतिवृत्ते आणि दप्तरातील स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी पाहाव्यात, आणि लेखी मागणी करून शुल्क भरल्यास महिन्याच्या आत नकला मिळवाव्यात. खतावणीतले तुझे पान पाहणे हा अनुग्रह नाही. ज्याच्यापाशी एकच भाग आहे त्यालाही तेथे शंभर भागांच्या धन्याइतकेच, म्हणजे एकच, मत आहे. तू त्या घरची आहेस, तेव्हा घरच्या माणसाच्या हक्काने आणि घरच्या माणसाच्या मर्यादेने वाग.

अर्जास उत्तर न आल्यास व्यवस्थापकाला भेट, नंतर अध्यक्षांच्या नावे संचालक मंडळाकडे पहिल्या अर्जाच्या पोचेसह स्मरणपत्र दे, आणि तेथेही दाद न लागल्यास सहकार खात्याच्या तालुक्यातील निबंधक कार्यालयाकडे जा. तू रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणार असे लिहिलेस. तो खटाटोप व्यर्थ जाईल, कारण पतसंस्था ही बँक नव्हे, ती निबंधकाच्या अखत्यारीत येते. त्याच कारणाने, बँकांतील ठेवींना २०२० पासून जे पाच लाख रुपयांपर्यंतचे विम्याचे संरक्षण आहे ते तुझ्या पतपेढीतील ठेवीला नाही. यासाठीच दरवर्षी अहवाल येतो तेव्हा थकबाकीचा आकडा मागील वर्षाशी ताडून पाहा, आणि लेखापरीक्षकाचे शेरे वाचल्याखेरीज तो बाजूस ठेवू नकोस.

आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे सप्टेंबरअखेर, वार्षिक सर्वसाधारण सभा भरलीच पाहिजे. तेथे स्वतःच्या हप्त्याचे गाऱ्हाणे मांडू नकोस. तो कचेरीचा विषय आहे आणि सभा कंटाळेल. पण बदली झालेल्या सभासदाच्या बाबतीत शाळेकडून कपातीची खातरजमा केल्याशिवाय जामीनदारास नोटीस काढू नये, असा नियम व्हावा, ही सूचना आधी लेखी देऊन तेथे मांड. या सूचनेने तुझ्या गुरुजींसारख्या कित्येकांची झोप वाचेल, आणि मला वाटते, अनुमोदन द्यायला गुरुजी स्वतःच उभे राहतील.

अर्जाचा मसुदा केलास की टपालाने माझ्याकडे पाठव, मी तपासून परत धाडीन. जुन्या शाळेच्या लेखनिकाकडून, तुझे नाव मागणी यादीतून केव्हा कमी केले, तेवढे मात्र सोमवारीच विचारून घे. तो सप्ताहअखेर रजेवर जाणार असे तुझी आई म्हणत होती.

तीर्थरूप आक्कास नमस्कार सांग. कळावे.

तुझा,
मामा